मर्दानी मेकअप : ग्लॅम मेटलचा उदय आणि अस्त



आजची गोष्ट केसांपासून सुरू करावी लागेल. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरात असे शेकडो तरुण होते, जे संध्याकाळी कार्यक्रमाला निघण्याआधी तासभर आरशासमोर उभे असायचे. मान खाली घालून केस उलटे सोडायचे, त्यावर हेअरस्प्रेचा फवारा मारायचा, मग झटक्यात मान वर करायची. केस सिंहाच्या आयाळीसारखे उभे राहिले पाहिजेत. डोळ्यांना काजळ, गालांवर लाली, ओठांवर लिपस्टिक. अंगाला घट्ट चिकटलेली स्पँडेक्सची पँट, गळ्यात रंगीत स्कार्फ, मनगटात डझनभर कडी आणि बांगड्या. आणि एवढा नट्टापट्टा करून ही पोरं रंगमंचावर जाऊन सांगायची काय? तर आम्ही किती मर्द आहोत. काल रात्री आमच्या खोलीत किती पोरी होत्या, आम्ही किती प्यायलो, आणि तरी बघा कसे उभे आहोत.

या संगीताला आज ग्लॅम मेटल म्हणतात. ‘हेअर मेटल’ हे दुसरं नाव चेष्टेचं, आणि ते रूढ झालं बरंच नंतर. साधारण १९८३ ते १९९१ अशी आठेक वर्षं अमेरिकेतल्या रॉकच्या बाजारावर याचं राज्य होतं. मग ते इतक्या झपाट्याने गेलं, की काल ज्यांची पोस्टरं भिंतीवर होती त्यांचं नाव घ्यायला पोरं लाजू लागली.

ते का गेलं, याची ठरलेली गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. सिएटलहून निर्वाना नावाचा बँड आला, त्यांचं एक गाणं टीव्हीवर लागलं आणि एका रात्रीत सगळे केस बसले. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणूनच मला तिच्याबद्दल शंका येते. या लोकांचा मेकअप लोकांना खटकला, असंही नाही. मेकअपला मुभा मिळाली होती ती त्याच्यामागे उभ्या असलेल्या फुशारकीमुळे. पुरुषाने लिपस्टिक लावली तरी चालेल, फक्त त्याने दर दोन मिनिटांनी आपल्या पुरुषपणाची ग्वाही द्यायला हवी, असा तो अलिखित करार होता. तो करार कसा झाला आणि कसा मोडला, ते आज पाहू.

पुरुषांनी नटणं ही काही यांची कल्पना नव्हती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये टी. रेक्स, डेव्हिड बोवी, स्लेड, स्वीट ही मंडळी चकचकीत कपडे आणि चमकी लावून गात होती. अमेरिकेत ॲलिस कूपर होता, न्यूयॉर्क डॉल्स होते, १९७३ साली सुरू झालेला किस होता. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर १९७२ ते १९७५ या काळात रॉडनी बिंगेनहायमरचा क्लबच मुळी इंग्लिश ग्लॅम संगीताला वाहिलेला होता. पण बोवीच्या नटण्यात एक प्रश्न होता. हा बाई आहे की बुवा, की परग्रहावरचा कोणी? पाहणाऱ्याला त्या प्रश्नाने अस्वस्थ करणं हाच त्याचा खेळ होता.

इथे मला आपल्या बालगंधर्वांची आठवण होते. त्यांची साडी नेसण्याची ढब, दागिने, केशरचना यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या. पण सिंधू किंवा भामिनी रंगमंचावर आली की नारायणराव राजहंस उरायचेच नाहीत. भूमिकेत विरघळून जाणं हीच तर ती कला. लॉस एंजेलिसच्या पोरांचं बरोबर उलटं होतं. त्यांना विरघळायचं नव्हतं. बाईचा सगळा साज अंगावर चढवूनही आत बसलेला पुरुष किती दांडगा आहे, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्यांचा कारखाना म्हणजे सनसेट स्ट्रिप, सनसेट बुलेव्हार्डचा दीड-दोन मैलांचा तुकडा. १९६४ साली सुरू झालेला व्हिस्की अ गो गो, १९७३चा रॉक्सी, गॅझारीज, आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे जिथे जमायचे ते रेनबो नावाचं खाण्यापिण्याचं ठिकाण. याच भागातून व्हॅन हेलन पुढे आले. त्यांचा पहिला अल्बम १९७८चा. एडी व्हॅन हेलन हॉलंडहून लहानपणी आलेला. वडील डच संगीतकार, आईचं मूळ इंडोनेशियात. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या पट्टीवर आपटून तो जे सूर काढायचा, ते ऐकून एका पिढीने गिटार हातात घेतली. हॉलिवूडमध्ये १९७७ साली गिटार शिकवणारी एक संस्थाही निघाली, आणि देशभरातून पोरं तिथे येऊ लागली. तेव्हा हे सगळं नुसतं केसांचं काम होतं असं समजू नका. यातले पुष्कळ जण वाजवायचे फार चांगलं. पुढे चेष्टेच्या भरात लोक हे विसरले.

१९८१ साली निकी सिक्स आणि टॉमी ली यांनी मॉटली क्रू हा बँड काढला. पहिला अल्बम त्यांनी त्याच वर्षी स्वतःच्याच लेबलवर छापला. व्हिस्कीच्या जवळच्या एका घरात हे सगळे एकत्र राहायचे. खायला पैसे नाहीत, भाडं द्यायला नाहीत. त्या काळातल्या वादकांनी नंतर लिहिलेल्या आठवणी वाचल्या तर एक गोष्ट वारंवार येते. यांना जेवू घालणाऱ्या, भाडं भरणाऱ्या, कपडे आणि मेकअपचं सामान पुरवणाऱ्या मुलीच होत्या. कोणी हॉटेलात वाढायचं काम करायची, कोणी दुकानात. आणि ज्या गाण्यांमध्ये या मुली येतात, तिथे त्या फक्त मोजदादीच्या वस्तू म्हणून येतात. या संगीताचा जमाखर्च मांडायचा तर तो इथून मांडायला हवा.

१ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झालं. चोवीस तास गाण्यांची चित्रफीत दाखवणाऱ्या या वाहिनीला दिसायला भडक असलेली माणसं हवी होती, आणि सनसेट स्ट्रिपवर तशी माणसं रांगेने उभी होती. गाणी रेकॉर्ड कंपन्याच बनवून पाठवायच्या, त्यामुळे वाहिनीला माल जवळपास फुकट मिळायचा आणि कंपन्यांना जाहिरात. हा सौदा दोघांनाही लाभला.

१९८३ हे फिरण्याचं वर्ष. मे महिन्याच्या शेवटी कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळ यूएस फेस्टिव्हल झाला. पैसा घातला होता ॲपल कंपनीच्या स्टीव्ह वॉझनियॅकने. २९ मे हा दिवस फक्त हेवी मेटलचा होता. क्वाएट रायट, मॉटली क्रू, ओझी ऑसबोर्न, जूडास प्रीस्ट, ट्रायम्फ, स्कॉर्पिअन्स आणि शेवटी व्हॅन हेलन, ज्यांना एका कार्यक्रमाचे १५ लाख डॉलर मिळाले. उन्हात लाखोंची गर्दी उभी होती. रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी ती गर्दी पाहिली आणि त्यांना जे समजायचं ते समजलं.

त्याच वर्षी क्वाएट रायटचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम आला. यांचे आधीचे दोन अल्बम फक्त जपानात निघाले होते. अमेरिकेत कोणी विचारत नव्हतं. निर्मात्याच्या आग्रहावरून त्यांनी स्लेडचं दहा वर्षं जुनं गाणं नाखुशीने पुन्हा गायलं. तेच चाललं. नोव्हेंबर १९८३मध्ये या अल्बमने पोलीस या बँडच्या ‘सिंक्रोनिसिटी’ला बाजूला सारून बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक घेतला. हेवी मेटलचा अल्बम तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. आणि तो पोचला इंग्लिश ग्लॅमच्या उसन्या गाण्यावर.

यूएस फेस्टिव्हलच्या त्या यादीतलं एक नाव जरा लक्षात ठेवा. जूडास प्रीस्ट. त्यांचा गायक रॉब हॅलफर्ड अंगभर काळं कातडं, खिळे आणि साखळ्या घालून मोटारसायकलवरून मंचावर यायचा. मेटलमधल्या मर्दपणाचा गणवेशच त्याने घालून दिला, आणि ग्लॅमवाल्यांनीही आपल्या स्कार्फ-बांगड्यांच्या जोडीला तो उचलला. १९९८ साली हॅलफर्डने एमटीव्हीवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी आहोत हे जाहीर केलं. त्याचा तो गणवेश ज्या दुकानांत मिळायचा, ती दुकानं कोणत्या गिऱ्हाइकांसाठी होती, हे जाणकारांना आधीपासून ठाऊक होतं. पंधरा-वीस वर्षं लाखो पोरं ज्याला कडक पुरुषीपणा समजून अंगावर चढवत होती, तो आला होता कुठून! मला तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

आता गंमत थांबवून एका रात्रीकडे जाऊ. ८ डिसेंबर १९८४. हॅनॉय रॉक्स नावाचा फिनलंडचा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता. लॉस एंजेलिसच्या कितीतरी बँडनी आपला अवतार या फिनिश मंडळींकडून उचलला होता. त्यांचा ड्रमवादक निकोलस डिंगली, सगळे त्याला रॅझल म्हणत, हा चोवीस वर्षांचा इंग्लिश मुलगा त्या रात्री मॉटली क्रूचा गायक व्हिन्स नील याच्या घरच्या पार्टीत होता. दारू संपली म्हणून दोघे गाडीने आणायला निघाले. नील चालवत होता आणि तो प्यायलेला होता. रिडॉन्डो बीच इथे गाडी समोरच्या गाडीवर आदळली. रॅझल गेला. समोरच्या गाडीतले दोघे गंभीर जखमी झाले. नीलला शिक्षा झाली ३० दिवसांची, आणि त्याआधीच तो सुटला. २५ लाख डॉलरची भरपाई त्याने दिली. पुढच्याच वर्षी मॉटली क्रूचा नवा अल्बम आला, रॅझलला अर्पण केलेला, आणि तो जोरात खपला. हॅनॉय रॉक्स मात्र १९८५मध्ये मोडला.

या घटनेने काही बदललं का? नाही. ती दंतकथेत जमा झाली. पिणं, गाडी उधळणं, हॉटेलच्या खोल्या फोडणं, सगळं त्या मर्दपणाच्या खात्यात मांडलं जात होतं. २३ डिसेंबर १९८७च्या रात्री निकी सिक्सने हेरॉइनचा अतिडोस घेतला आणि तो मरता मरता वाचला. त्यावरही गाणं झालं. बाजाराला यातून पैसा मिळत होता, म्हणून थांबवणारं कोणी नव्हतं. आणि जे थांबवायला निघाले त्यांना भलतीच काळजी होती. १९८५च्या सप्टेंबरात अमेरिकी सिनेटपुढे रॉकच्या शब्दांवर सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर पिंगट केसांचं जंगल आणि बिनबाह्यांचं जॅकेट घालून आत गेला आणि त्याने अतिशय शांतपणे, मुद्देसूद साक्ष दिली. तो सरळ जिंकला, असं माझं मत आहे. निष्पन्न एवढंच झालं की अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी लागली, आणि ती चिठ्ठी पाहून पोरं तोच अल्बम मागू लागली.

१९८६पासून सूर बदलला. न्यू जर्सीच्या बॉन जोव्हीने आपल्या तिसऱ्या अल्बमसाठी डेस्मंड चाइल्ड या बाहेरच्या गीतकाराला सोबत घेतलं. कोणती गाणी ठेवायची हे ठरवताना गावातल्या पोरापोरींना ऐकवून त्यांचं मत घेतलं. तो अल्बम, ‘स्लिपरी व्हेन वेट’, एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक खपला. दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्याचं मुख्य कारण म्हणजे हे संगीत आता मुली विकत घेत होत्या. १९८७ साली इंग्लंडच्या डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ आला, त्यानेही कोटीचा आकडा ओलांडला. आणि मुली ऐकू लागल्या तशी प्रत्येक अल्बममध्ये एक हळवं, संथ गाणं येऊ लागलं. पॉयझन हा बँड पेन्सिल्व्हेनियातल्या छोट्या गावातून गाडी भरून लॉस एंजेलिसला आलेला. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चार सुंदऱ्या दिसतात, त्या चारही पुरुष. डिसेंबर १९८८मध्ये यांचं जे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, ते एका तुटलेल्या प्रेमाचं होतं. गायक ब्रेट मायकल्सने ते कपडे धुण्याच्या दुकानात बसून लिहिलं, असं तो स्वतः सांगतो.

फुशारकी मारणारा माणूस त्या एका गाण्यात रडायचा. मला वाटतं, या संगीतातला तेवढाच भाग खरा होता आणि पुढे टिकला तोही तेवढाच. पण रेकॉर्ड कंपन्यांना त्यात फक्त एक पाककृती दिसली. दोन धांगडधिंग्याची गाणी, तिसरं हळवं, चित्रफितीत एक गाडी आणि गाडीवर एक मुलगी. व्हाइटस्नेकच्या १९८७च्या चित्रफितीत टॉनी किटेन दोन जॅग्वार गाड्यांच्या टपांवर लोळते. त्यानंतर कित्येक बँडच्या चित्रफितीत गाड्या आल्या.

बायकांना या रंगमंचावर जागा मात्र नव्हती. बाईचे कपडे घातलेले पुरुष शेकड्याने, आणि गिटार वाजवणाऱ्या खऱ्या बायका? लीटा फोर्ड, व्हिक्सन, अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं.

१९८८ साली पिनेलोपी स्फीरिस या दिग्दर्शिकेने या जगावर एक माहितीपट केला, ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ मालिकेचा दुसरा भाग. त्यात ती नाव नसलेल्या, धडपडणाऱ्या पोरांना विचारते, नाही जमलं तर काय करणार? आणि एकामागून एक सगळे सांगतात, जमणारच. दुसरा विचारच त्यांच्याकडे नाही. त्याच माहितीपटात वॉस्पचा गिटारवादक ख्रिस होम्स पोहण्याच्या तलावात तरंगत्या खुर्चीवर बसून व्होडकाची बाटली तोंडाला लावतो, अंगावर ओतून घेतो. काठावर त्याची आई बसली आहे. ती बघते आहे. काही बोलत नाही. मी तो प्रसंग पुष्कळ वेळा पाहिला आणि दर वेळी माझं लक्ष त्या बाईंकडेच जातं. निर्वाना त्या वेळी सिएटलजवळच्या छोट्या क्लबांत वाजवत होता, त्यांचा पहिला अल्बमही निघाला नव्हता. पण शेवट पडद्यावर दिसायला लागला होता.

मुळापाशीही कीड लागली होती. सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांनी ‘आधी पैसे भरा, मग वाजवा’ अशी पद्धत सुरू केली. बँडनेच शेकड्याने तिकिटं आगाऊ विकत घ्यायची आणि खपवायची. नाही खपली तर नुकसान त्यांचं. त्यामुळे संध्याकाळी पोरं गाण्याचा सराव सोडून रस्त्यावर पत्रकं वाटत फिरायची, खांब आणि भिंती पत्रकांनी भरून जायच्या. कोणाचं गाणं चांगलं आहे यापेक्षा कोणाच्या खिशात पैसा आहे यावर मंच मिळू लागला. ज्या स्ट्रिपने हे संगीत घडवलं, तिथे आता नक्कल करणाऱ्यांच्या नकला उभ्या होत्या.

त्याच गल्लीतून निघालेल्या गन्स अँड रोझेसने पहिला तडा दिला. त्यांचा पहिला अल्बम जुलै १९८७चा, पण तो पहिल्या क्रमांकावर पोचायला वर्ष लागलं. केस सुरुवातीला यांचेही फुगवलेले होते. पण गाण्यात शहराची घाण, भीती आणि राग होता. बायकांबद्दलची भाषा मात्र तीच, किंबहुना अधिक वाईट. म्हणजे बदल अर्धाच होता. १९८९च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत भव्य शांतता महोत्सव झाला. बॉन जोव्ही, मॉटली क्रू, स्किड रो, सिंडरेला, स्कॉर्पिअन्स सगळे गेले. अमली पदार्थांच्या विरोधातला महोत्सव, आणि तो भरवणारा डॉक मॅकगी हा मॉटली क्रू आणि बॉन जोव्हीचा व्यवस्थापक स्वतः अमली पदार्थांच्या तस्करीच्या खटल्यात दोषी ठरलेला! या संगीताचं वैभव एवढं मोठं यापूर्वी कधी दिसलं नव्हतं, आणि पुढेही दिसलं नाही.

वॉरंट या बँडची कहाणी मला सगळ्यांत बोलकी वाटते. गायक जॅनी लेन चांगला गीतकार होता. दुसऱ्या अल्बमचं नाव त्याने ‘अंकल टॉम्स केबिन’ ठरवलं होतं. कंपनीच्या प्रमुखाचा निरोप आला, एक दणकेबाज गाणं हवं. लेनने पिझ्झाच्या खोक्यावर झटपट ‘चेरी पाय’ खरडलं. अल्बमचं नावही मग तेच झालं, १९९०मध्ये. गाणं गाजलं आणि त्याच्या मानगुटीवर बसलं. ते लिहिल्याचा पश्चात्ताप होतो, असं तो पुढे कॅमेऱ्यासमोर म्हणाला. कोलंबिया या त्याच्या कंपनीच्या कार्यालयात वॉरंटचं मोठं पोस्टर लागलेलं असे. एके दिवशी तो गेला तर तिथे ॲलिस इन चेन्सचं पोस्टर होतं. ही आठवण त्यानेच सांगितलेली. ॲलिस इन चेन्स हे सिएटलचे. पण त्यांचीही सुरुवात फुगवलेल्या केसांच्या ग्लॅम बँडपासूनच झाली होती. जॅनी लेन ऑगस्ट २०११मध्ये एका हॉटेलच्या खोलीत दारूने गेला. वय ४७.

आता १९९१. मे महिन्यात बिलबोर्डने खपाचे आकडे मोजण्याची पद्धत बदलली. पूर्वी दुकानदार फोनवर अंदाज सांगायचे. आता काउंटरवर स्कॅन होणारा प्रत्येक अल्बम मोजला जाऊ लागला. अनेकांना वाटतं या पद्धतीने ग्लॅम मेटलचा बुरखा फाडला. पण जून १९९१मध्ये स्किड रोचा नवा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, आणि तो उतरला एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाला हटवून. ऑगस्टमध्ये मेटॅलिका, सप्टेंबरमध्ये गन्स अँड रोझेस. म्हणजे जड गिटारचं मार्केट जोरात होतं. फक्त जे वर जात होते, त्यांचे कपडे साधे होत चालले होते आणि गाणी काळवंडत होती.

२४ सप्टेंबर १९९१ रोजी निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ आला. त्यानंतर महिन्याभराने एमटीव्हीवरच्या ‘हेडबँगर्स बॉल’ या कार्यक्रमात कर्ट कोबेन पाहुणा म्हणून आला. सूत्रधार होता रिकी रॅक्टमन, जो हॉलिवूडमध्ये ग्लॅमवाल्यांचा आवडता क्लब चालवायचा. कोबेन आला तो पिवळा झगा घालून. ‘बॉल’ आहे ना, मग नाचाच्या पोशाखात यायला नको का, असा त्याचा विनोद. लिपस्टिक लावलेल्या पुरुषांचा हक्काचा कार्यक्रम आणि तिथे झगा घातलेला पुरुष. कपडे दोघांचे बायकी. पण कोबेनच्या झग्यामागे फुशारकी नव्हती. उलट ती फुशारकीच त्याच्या चेष्टेचा विषय होती. पुढच्या वर्षी त्याने एका अल्बमच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं, की समलिंगींचा, वेगळ्या वर्णाच्या लोकांचा किंवा स्त्रियांचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमाला येऊ नये आणि आमचे अल्बमही घेऊ नयेत.

फुशारकी एकदा हास्यास्पद ठरल्यावर त्या अलिखित कराराने झाकलेलं सगळं उघडं पडलं, आणि मार भलत्यालाच बसला. विंगर या बँडचा किप विंगर बॅले शिकलेला होता, मंचावर गिरक्या घ्यायचा. १९९२च्या एका चित्रफितीत मेटॅलिकाने त्याच्या पोस्टरवर बाण मारला. १९९३मध्ये ‘बीव्हिस अँड बटहेड’ या कार्टूनमध्ये सर्वांत बावळट मुलाला विंगरचा टी-शर्ट घातला. इथे नव्या लोकांची ती उदार नजर कुठे गेली? बायकांना हिणवल्याबद्दल नव्हे, नाचल्याबद्दल तो मारला गेला. पुढे त्याने वाद्यवृंदासाठी लिहिलं, निजिन्स्की या नर्तकावरच्या रचनेला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

११ जानेवारी १९९२च्या यादीत ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनला हटवून पहिला क्रमांक घेतला. आणि त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकन म्युझिक ॲवॉर्ड्समध्ये हेवी मेटल-हार्ड रॉकमधल्या नव्या कलाकाराचं पारितोषिक जाहीर झालं. नामांकनात निर्वाना होता, ॲलिस इन चेन्स होता. पारितोषिक मिळालं नॉर्थ कॅरोलायनाच्या फायरहाऊसला. लांब केस, स्वच्छ आवाज, दोन सुंदर प्रेमगीतं. त्यांना वाटलं असेल, आता कुठे सुरुवात होते आहे. दोनेक वर्षांत अमेरिकेत त्यांना विचारणारं फारसं कोणी उरलं नाही.

आपल्याकडे हा सगळा उदयास्त एकाच पुडक्यात आला. मुंबईत १९८४पासून रॉक मशीन होता, १९८६पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायचा, कॅसेटी हातोहात फिरायच्या. पण तो मोजक्या शहरांचा मामला. बाकीच्यांना एमटीव्ही भेटलं ते १९९१च्या अखेरीस स्टार टीव्हीबरोबर. मी तेव्हा इंदूरला शिकत होतो. केबलवाल्याने तार टाकली आणि एकाच दुपारी मी पॉयझनही पाहिला आणि निर्वानाही. कोण कोणाला संपवतं आहे, याचा पत्ताच नव्हता. मला दोन्ही आवडले. घरातल्या मोठ्यांना दोन्ही सारखेच वाटले, केस न कापलेली पोरं.

ईशान्येत मात्र गोष्ट वेगळी घडली. मेघालय, नागालँड, मिझोरममध्ये चर्चमुळे गिटार आणि एकत्र स्वरात गाणं घराघरांत होतं, इंग्रजी शब्दांचा अडसर नव्हता. तिथे या संगीतातल्या हळव्या गाण्यांनी घर केलं आणि अमेरिकेने ती टाकून दिली तरी तिथल्या लोकांनी टाकली नाहीत. २००७ साली स्कॉर्पिअन्स शिलाँगला आले. त्याआधी २००४मध्ये फायरहाऊस आला, शिलाँग, दिमापूर, ऐझॉल असा दौरा करत. तोवर स्पँडेक्स गेलं होतं, लिपस्टिकचा प्रश्नच नव्हता, फुशारकी मारायला काही उरलं नव्हतं. लोक आले ते ती दोन प्रेमगीतं ऐकायला. फायरहाऊसचा गायक सी. जे. स्नेअर एप्रिल २०२४मध्ये वारला. शिलाँग-ऐझॉलकडचे तुमचे कोणी मित्र असतील, तर त्यांना त्याचं नाव सांगून बघा.